दहाव्या फेरीनंतरचे चौदा महिने

२ ऑक्टोबर १९८०ची रात्र. लास वेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलच्या वाहनतळावर उभारलेल्या तात्पुरत्या प्रेक्षागारात दहावी फेरी संपली आणि मुहम्मद अली आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला. दहाच्या दहा फेऱ्या लॅरी होम्सने जिंकल्या होत्या. तिन्ही गुणपंचांच्या कागदांवर अलीच्या नावे एकही फेरी लागलेली नव्हती. त्याचा वीस वर्षांचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने पंचांना सांगितले की आता पुरे. अलीचा जुना सोबती बंडिनी ब्राऊन डंडीचा स्वेटर धरून ओढत होता, आणखी एक फेरी होऊ द्या म्हणत होता. डंडीने त्याला झिडकारले. या कोपऱ्याचा प्रमुख मी आहे, लढत थांबली, असे तो ओरडून म्हणाला. रिंगणाजवळ बसलेला व्यवस्थापक हर्बर्ट मुहम्मद यानेही थांबवण्याची खूण केलेली होती. या सगळ्या ओढाताणीत अली स्टुलावरून उठला नाही.

अली एकूण ६१ व्यावसायिक लढती लढला. त्यांपैकी ५६ जिंकला, ५ हरला. शेवटची घंटा होण्याआधीच थांबवावी लागली आणि तो हरला, अशी लढत ही एकच.

आपल्याकडे अलीची आठवण निघते ती इतर गोष्टींसाठी. १९६४ साली सोनी लिस्टनला हरवल्यावर कॅशियस क्ले या नावाचा त्याग करून त्याने मुहम्मद अली हे नाव घेतले, १९६७ साली व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, त्यापायी जगज्जेतेपद गमावले आणि ऐन तारुण्यातली साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर काढली. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. या कहाण्या मुस्लिम मोहल्ल्यांतल्या चहाच्या हॉटेलांत आणि वाचनालयांत पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि त्या सांगण्यासारख्या आहेतच. परंतु २ ऑक्टोबर १९८० ते ११ डिसेंबर १९८१ या चौदा महिन्यांविषयी आपण फारसे बोलत नाही. होम्सकडून झालेल्या पराभवानंतर पुढे लढायचे की थांबायचे, हा प्रश्न या काळात त्याच्यापुढे होता आणि त्याने दिलेले उत्तर आपल्याला आवडणारे नाही. आवडत्या माणसाच्या चुकीच्या निर्णयाचा इतिहास लिहायला हात कचरतो. पण इतिहास लिहायचा तर तोही लिहायला हवा.

निर्णय समजून घ्यायचा तर त्याआधीचे पराभव पाहावे लागतात.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने अलीला पंधराव्या फेरीत डाव्या ठोशाने जमिनीवर पाडले. अलीच्या व्यावसायिक आयुष्यातला हा पहिला पराभव. अनेकांना तेव्हा वाटले, संपला. अलीने फ्रेझरला १९७४ साली हरवले आणि १९७५ साली मनिलामध्ये पुन्हा हरवले. ३१ मार्च १९७३ रोजी केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला. तेव्हाही लोक म्हणाले, संपला. सहा महिन्यांच्या आत अलीने नॉर्टनला हरवले. १९७४ साली किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर तो उभा राहिला तेव्हा त्याच्या बाजूचे लोकही धास्तावलेले होते, आणि आठव्या फेरीत फोरमन आडवा झाला. १५ फेब्रुवारी १९७८ रोजी अवघ्या सात व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेल्या लिऑन स्पिंक्सने त्याचे जगज्जेतेपद हिरावले. सात महिन्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये अलीने ते परत मिळवले आणि हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद तीन वेळा मिळवणारा तो पहिला मुष्टियोद्धा ठरला.

थोडक्यात सांगायचे तर १९८०पर्यंत ज्याने ज्याने अलीला हरवले, त्या प्रत्येकाला अलीने परत हरवले होते. तीन पराभव, तिन्हींची परतफेड. माणसाला आयुष्याने तीनदा एकच धडा शिकवला तर चौथ्या वेळी तो दुसरे काही शिकेल, अशी अपेक्षा आपण कशी करावी? लोक संपला म्हणतात तेव्हा लोक चुकतात, हे अलीला अनुभवाने ठाऊक झालेले होते. त्याला मोठा करणारी जिद्द हीच होती. १९८०च्या पराभवाचा अर्थ लावताना हीच जिद्द त्याच्या आड आली, असे मला वाटते.

इशारे मात्र मिळालेले होते. २९ सप्टेंबर १९७७ रोजी एर्नी शेव्हर्स या भयंकर ताकदीच्या मुष्टियोद्ध्याविरुद्ध अली पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर जिंकला. त्या रात्री त्याने डोक्यावर घेतलेले ठोसे पाहून मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या लढती ठरवणाऱ्या टेडी ब्रेनरने जाहीर करून टाकले की गार्डनतर्फे अलीला पुन्हा लढतीचा प्रस्ताव दिला जाणार नाही. जिंकलेल्या माणसाला असे सांगणे सोपे नव्हते. अलीचा डॉक्टर फर्डी पचेको याच्या हाती तपासणीचा अहवाल आला. त्यात मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसत होते. पचेकोने अहवालाच्या प्रती पत्रासोबत अलीला, त्याच्या पत्नीला आणि हर्बर्ट मुहम्मदला पाठवल्या. उत्तर कोणाचेच आले नाही. पचेकोने मग अलीची साथ सोडली. डॉक्टर निघून गेला आणि बाकीचे राहिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अलीभोवती तेव्हा तीस-चाळीस माणसांचा गोतावळा असे आणि त्यांपैकी बहुतेकांची चूल अली लढला तरच पेटत होती.

१९७९ साली अलीने निवृत्ती जाहीर केली. ती खरी ठरली असती तर बरे झाले असते. त्याच निवृत्तीच्या काळात, १९८०च्या आरंभी, तो भारतात आला होता. २७ जानेवारीला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर त्याने भारतीय सैन्यातला मुष्टियोद्धा कौर सिंग याच्याबरोबर प्रदर्शनीय सामना खेळला. मद्रासलाही त्याचा असाच सामना झाला, तो जिमी एलिस या जुन्या सहकाऱ्याबरोबर. इंदिरा गांधींनाही तो भेटला. हा दौरा चालू असतानाच अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी मॉस्को ऑलिंपिकवरील बहिष्काराचा प्रचार करण्यासाठी त्याला आफ्रिकेला पाठवले. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्याला भेटच नाकारली. मुत्सद्दी म्हणून अलीची ती पहिली मोठी कामगिरी फसली. रिंगणाबाहेरचे आयुष्य कसे असते, याची ही चव त्याला कडूच लागली असणार.

कौर सिंगचे पुढे काय झाले? १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले, १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकनंतर हातमोजे उतरवले आणि २०२३ साली तो वारला. सैन्यातली नोकरी असलेला हौशी मुष्टियोद्धा आणि लढत हाच धंदा असलेला व्यावसायिक, या दोघांच्या थांबण्यात केवढे अंतर असते, ते इथे दिसते. कौर सिंग थांबल्याने दुसऱ्या कोणाची रोजी बुडणार नव्हती.

होम्सविरुद्धच्या लढतीसाठी करारात ८० लाख डॉलर ठरले होते. अली ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षांत एकही लढत लढलेला नव्हता. वजन २५० पौंडांच्या वर गेले होते. नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने वैद्यकीय तपासणी मागितली, म्हणून जुलै १९८०मध्ये तो मेयो क्लिनिकमध्ये गेला. तिथल्या अहवालात बारीक अक्षरांत बऱ्याच गोष्टी नोंदलेल्या होत्या. एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळता दिसली नाही, बोट नाकाच्या शेंड्याला लावताना नेम किंचित चुकला, सकाळी उठल्यावर हातांना मुंग्या येतात, बोलण्यात थोडी जडता आहे. एवढे लिहून शेवटी निष्कर्ष असा की लढायला मनाई करावी असे विशेष काही आढळले नाही. आयोगाने परवाना दिला. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत फायली फिरवलेल्या वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. प्रत्येक शेरा खरा, आणि शेवटची सही मात्र भलतीकडे.

याच सुमारास एका डॉक्टरने अलीला थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. वजन झपाट्याने उतरले. ठरवून दिल्यापेक्षा जास्त गोळ्या तो घेत होता, हे नंतर पुढे आले. लढतीच्या वेळी त्याचे वजन साडे दोनशे सतरा पौंड भरले. पांढरे केस रंगवलेले, पोट आत गेलेले. पाहणाऱ्यांना किन्शासाचा अली परत आल्यासारखा वाटला. शरीर आतून पोकळ झालेले होते. त्याला घामही नीट येत नव्हता.

समोर होम्स होता. हा होम्स पेन्सिल्व्हानियातल्या डिअर लेक इथल्या अलीच्या तालीमघरात सरावाचा जोडीदार म्हणून वाढलेला. एकदा सरावात अलीच्या ठोशाने त्याचा डोळा काळानिळा झाला तेव्हा त्याने त्यावर बर्फ लावायला नकार दिला होता. ही खूण त्याला मिरवायची होती. त्याच अलीला आता दहा फेऱ्या झोडपावे लागत होते आणि मध्ये मध्ये तो पंचाकडे पाहत होता, थांबवा म्हणून. लढत संपल्यावर होम्स रडला. त्या रात्री तो अलीच्या खोलीवर गेला. पुन्हा लढणार नाही असे वचन द्या, असे त्याने विनवले. अली वचन देण्याऐवजी अंथरुणात पडल्या पडल्या, मला होम्स हवा, मला होम्स हवा, असा घोष करू लागला. ही आठवण होम्सनेच सांगितलेली आहे. ती थट्टा होती. अली थट्टेत खरे बोलत असे, हेही तितकेच खरे.

आता त्या चौदा महिन्यांकडे येऊ. पहिली गोष्ट घडली ती अशी की अलीला पराभवाचे कारण सापडले. लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात तपासणी झाली आणि गोळ्यांनी शरीराची शक्ती शोषली होती, हे बाहेर आले. कारण खोटे नव्हते. त्या गोळ्यांनी, त्या उकाड्यात, तो जिवाला मुकला असता. पण खऱ्या कारणाचाही एक दुरुपयोग होतो. गोळ्यांमुळे हरलो, एवढे म्हटले की वय, दोन वर्षांची विश्रांती, शेव्हर्सचे ठोसे, मेयोच्या अहवालातले शेरे यांपैकी कशाचाही विचार करायची गरज उरत नाही. अलीच्या हिशेबात हा पराभव जमा झालाच नाही. गोळ्या बंद केल्या की प्रश्न सुटला, असे त्याने मानले आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना तर तेच हवे होते.

दुसरी गोष्ट पैशाची. ठरलेल्या रकमेपेक्षा सुमारे ११ लाख ७० हजार डॉलर कमी हाती पडले. अलीने प्रवर्तक डॉन किंग याच्यावर दावा लावला, आणि पुढे ५० हजार डॉलर रोख घेऊन तो मागेही घेतला. ज्याच्या नावावर कोट्यवधींची उलाढाल झाली, तो ५० हजारांत गप्प झाला. आजारी माणसाला रोख पैसा समोर दिसला की न्यायालयातला मोठा आकडा धूसर होतो.

नेवाडाच्या आयोगाने चौकशी सुरू केली तेव्हा अलीने तिथला परवाना स्वतःहून परत केला. निलंबनाची नामुष्की टळली. परंतु त्यामुळे बंदीचा कागदही कुठे झाला नाही. अमेरिकेत एका राज्याने अडवलेला मुष्टियोद्धा दुसऱ्या राज्यात किंवा शेजारच्या देशात जाऊन लढू शकत असे. ही पळवाट बुजवणारा कायदा तिथे १९९६ साली झाला, आणि मुष्टियोद्ध्यांची करारांतली लूट रोखण्यासाठी २००० साली जो कायदा झाला त्याला अलीचेच नाव दिले गेले. त्याच्या उपयोगाला दोन्ही आले नाहीत.

१९ जानेवारी १९८१ रोजी, एकोणचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, लॉस एंजेलिसमध्ये एक तरुण इमारतीच्या नवव्या मजल्यावरून उडी मारण्याच्या बेतात होता. अली धावत तिथे पोचला, शेजारच्या खिडकीतून त्याच्याशी बोलत राहिला आणि त्याला सुखरूप आत घेऊन आला. या प्रसंगातून मी काही अर्थ काढत नाही. त्या महिन्यांतला अली मनाने कसा होता, हे कळावे म्हणून नोंद केली. खचलेला, घरात कोंडून घेतलेला माणूस तो नव्हता.

आणि मग एप्रिल आला. जो लुईस हा अलीच्या आधीच्या पिढीचा सर्वांत मोठा हेवीवेट मुष्टियोद्धा. १९४९ साली तो अजिंक्य जगज्जेता म्हणून निवृत्त झाला होता, पण आयकराच्या कर्जापायी परत आला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांमधून बाहेर फेकले. दोरांबाहेर अर्धा लोंबकळणारा लुईस, हे छायाचित्र अमेरिकेतला प्रत्येक मुष्टियोद्धा ओळखतो. पुढे लुईस सीझर्स पॅलेसमध्येच येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या नोकरीवर होता. ११ एप्रिल १९८१ रोजी तो तिथे चाकांच्या खुर्चीवर बसून एक लढत पाहायला आला. दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. ती लढत होती लॅरी होम्स विरुद्ध ट्रेव्हर बर्बिक. होम्स जिंकला. आणि हाच बर्बिक डिसेंबरमध्ये अलीसमोर उभा राहणार होता.

लुईससारखा शेवट माझा होणार नाही, असे अली तरुणपणापासून म्हणत आलेला. डिअर लेकच्या तालीमघरात त्याने मोठमोठे दगड आणून ठेवले होते आणि त्याच्या रंगारी वडिलांनी त्यांवर जुन्या मुष्टियोद्ध्यांची नावे रंगवली होती. लुईसचेही नाव त्यांत होते. म्हणजे उदाहरण डोळ्यांसमोर होते, दगडावर लिहिलेले होते. उदाहरणे समोर असून माणसे त्यांतून आपल्यापुरते वगळतात, हा अनुभव काही मुष्टियुद्धापुरता नाही.

मशिदीतल्या बयानात आपण ऐकतो की शरीर ही अल्लाहची अमानत आहे. १९७२ साली हज करून आलेल्या आणि १९७५नंतर सुन्नी इस्लामच्या वाटेवर आलेल्या अलीला हे ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे? त्याची बाजूही ऐकायला हवी. आपली कीर्ती ही अल्लाहची देणगी असून ती दीनच्या आणि गरिबांच्या कामी लावायची आहे, असे तो सांगत असे. लढणे थांबले की जग आपले ऐकणे थांबवील, अशी भीती त्यामागे असावी. ती भीती खोटी ठरली. १९९६ साली अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा अली एक शब्दही न बोलता साऱ्या जगाला दिसला. पण १९८१ साली हे त्याला कोण सांगणार होते?

शेवटची लढत ११ डिसेंबर १९८१ रोजी बहामा बेटांवर नासाऊ इथे झाली. अली चाळिशीला महिनाभर कमी होता, वजन २३६ पौंड. व्यवस्था इतकी गबाळी की लढती दोन तासांहून अधिक उशिरा सुरू झाल्या, हातमोज्यांचे पुरेसे जोड नव्हते आणि फेरीची घंटा म्हणून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवावी लागली. मनिला आणि किन्शासाला ज्याच्यासाठी राष्ट्राध्यक्षांनी तिजोऱ्या उघडल्या होत्या, त्याची अखेरची लढत गाईच्या घंटेवर झाली. दहा फेऱ्या झाल्या. अली पडला नाही, आणि काही फेऱ्यांत तर बरा लढला. तिन्ही गुणपंचांनी बर्बिकला विजयी ठरवले. नंतर पत्रकारांसमोर अली म्हणाला की वयाने मला गाठले. निदान मी जमिनीवर पडलेला, दोरांतून बाहेर गेलेला असे छायाचित्र तरी कोणाला मिळाले नाही, असेही तो म्हणाला. लुईसचे ते छायाचित्र त्याच्या मनात होते, हे सांगायला नको. यानंतर तो रिंगणात उतरला नाही. १९८४ साली त्याच्या आजाराचे निदान झाले आणि ३ जून २०१६ रोजी तो अल्लाहला प्यारा झाला.

ठोशांमुळेच त्याला पार्किन्सन्स झाला काय, यावर डॉक्टरांत आजही एकमत नाही. ठोसे घेतले नसते तरीही तो झाला असता, असे मानणारे जाणकार आहेत. मात्र २०१७ साली ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीच्या जुन्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा त्याच्या बोलण्याचा वेग १९६८ ते १९८१ या काळात सुमारे २६ टक्क्यांनी मंदावल्याचे त्यांना आढळले. निदान होण्याच्या कितीतरी आधी ही घसरण सुरू झालेली होती. ज्याच्या जिभेचा वेग त्याच्या हातांइतकाच प्रसिद्ध होता, त्याची जीभ मंदावत होती आणि रोज कोट्यवधी लोक ते ऐकत होते.

डंडीने दहाव्या फेरीनंतर लढत थांबवली, कारण त्याला तो अधिकार होता. कोपऱ्यातला प्रमुख म्हणून मुष्टियोद्ध्याला न विचारता थांबवण्याची मुभा त्याला नियमाने दिलेली होती. लढत संपली की हा अधिकार संपत असे. नंतरच्या चौदा महिन्यांत अलीच्या कोपऱ्यात असा अधिकार असलेला कोणीच नव्हता. पचेको आधीच गेला होता. डंडी मात्र नासाऊलाही गेला. आपण नसलो तर आणखी वाईट होईल, या विचाराने तो गेला असावा. त्याला दोष देणे मला जमत नाही.

वचन मागायला गेलेल्या होम्सची गोष्ट सांगायची राहिली. १९८६ साली तो निवृत्त झाला, जानेवारी १९८८मध्ये माइक टायसनशी लढायला परत आला आणि चौथ्या फेरीत आडवा झाला. त्यानंतरही त्याच्या निवृत्त्या आणि पुनरागमने चालूच राहिली. तो शेवटची लढत लढला ती जुलै २००२मध्ये. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता.